गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा आहे: वेगवान गाड्यांचा क्लच, हायड्रॉलिक्स आणि सुट्या भागांची निवड

वेगवान गाडीचा क्लच ट्रॅकवर जळतो, असा सर्वसाधारण समज आहे. उज्जैनमध्ये तो देवास गेटकडून महाकाल मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीत जळतो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मंदिराचा नवा परिसर, महाकाल लोक, खुला झाला. तेव्हापासून सुट्ट्यांच्या दिवसांत आणि श्रावण-भाद्रपदातल्या सवारीच्या सोमवारी जुन्या शहराकडे जाणारी वाहने पावलापावलाने सरकतात. थांबलेली गाडी हलवताना क्लच घसरत घसरत पकड घेतो, आणि गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच ऊर्जा त्या घसरण्यात उष्णता होऊन जाते. साध्या हॅचबॅकचा पहिला गिअर आखूड असतो, त्यामुळे हे घसरणे क्षणभराचे असते. स्पोर्ट्स कारचा पहिला गिअर लांब असतो आणि टर्बो इंजिनात खालच्या फेऱ्यांवर फारसा जोर नसतो. मग चालक रेस थोडी वाढवून अर्ध्या क्लचवर गाडी ओढत राहतो. वर मे महिन्यातली माळव्याची बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची हवा. क्लचला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की पहिला प्रश्न येतो, ‘कोणती क्लच प्लेट टाकू?’ प्रश्न इथेच तोकडा पडतो. पायाखालचे पेडल, मास्टर सिलिंडर, पाइप, स्लेव्ह सिलिंडर, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेटची डायाफ्रॅम स्प्रिंग, क्लच प्लेट आणि फ्लायव्हील ही सगळी एकच यंत्रणा आहे. तिच्यातला एक भाग जास्त ताकदीचा घातला तर त्याचा भार बाकीच्यांवर येतो. शिवाय प्लेट स्वस्त असो की महाग, तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट काढा, बॅटरीचा ट्रे काढा, माउंटिंग सोडा, काही गाड्यांत सबफ्रेमही खाली घ्या, तेव्हा तो बाहेर येतो. ही मजुरी दोनदा द्यायची वेळ येऊ नये, हाच भाग निवडताना पहिला निकष असायला हवा, असे माझे मत आहे. कुठल्या कंपनीचा माल घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्याकडे ‘स्पोर्ट्स कार’ म्हणून काय काय झाले, ते पाहिले तर सुट्या भागांची अडचण नेमकी कुठे आहे ते समजते. गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची गाडी आणली. तिच्यातले ११४९ सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन रेनॉचे होते. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. तिचे इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसा क्लासिकमध्ये असायचे तेच. औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यात स्कोडाने पहिली ऑक्टाव्हिया आरएस जोडली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीत इंजिन आसनांच्या मागे होते, तेही रेनॉचेच, दोन लिटरचे टर्बो. आणि २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो आली. १.४ लिटरचे टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअर. दहा लाखांच्या आतल्या हॅचबॅकमध्ये एवढा जोर तेव्हा दुसऱ्या कुणी दिला नव्हता. उज्जैन-इंदूरच्या मराठी घरांतली मुले नोकरीला पुण्या-मुंबईला गेली की अशी एखादी एमएच पासिंगची गाडी जुन्यात घेतात आणि मग ती इकडे घरी येते.

या सगळ्या गाड्यांचे उत्पादन थांबले आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, त्याआधीच फियाटने भारतातला आपला नाव-शिक्का गुंडाळला होता. पण नीट पाहिले तर यातल्या एकाही गाडीचे इंजिन खास तिच्यासाठी जन्मलेले नाही. प्रत्येक इंजिन दुसऱ्या कुठल्या तरी खूप खपलेल्या गाडीतून आलेले आहे. म्हणून क्लच शोधताना बोनेटवरचे नाव दुय्यम ठरते. इंजिनचा कोड आणि गिअरबॉक्सचा कोड या दोन गोष्टी हातात असल्या की निम्मे काम झाले. फियाटच्या भागांची सूची ‘ईपर’ आणि स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन समूहाची ‘एट्का’ यांत चासी नंबर घातला की त्या गाडीला लागलेला नेमका पार्ट नंबर मिळतो. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने गिअरबॉक्स बदललेला असू शकतो, त्यामुळे गिअरबॉक्सवर कोरलेला कोड स्वतः वाकून वाचावा. दुकानदाराला ‘पुंटोचा क्लच द्या’ म्हटले तर तो १.३ डिझेलचा किंवा १.२ पेट्रोलचाही देईल, आणि चूक कळते ती जुना क्लच बाहेर आल्यावर.

भाग मागवण्याआधी आणखी एक खात्री करायची असते. दोष क्लचमध्ये आहे की हायड्रॉलिक्समध्ये? दोन्हींची लक्षणे वेगळी असतात आणि ती ओळखायला गॅरेजची गरज नाही. इंदूर रोडवर मोकळ्या पट्ट्यात चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगावरून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. टॅकोमीटरचा काटा चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे झाले तर प्लेट घसरते आहे. याउलट गाडी ओढते छान, पण उभ्या गाडीत पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते, पेडल नेहमीपेक्षा खाली गेल्यावर क्लच सुटतो, तर संशय हायड्रॉलिक्सवर घ्यावा. पेडल दोन-चारदा भराभर दाबल्यावर गिअर सहज पडत असेल तर पाइपात हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील आतल्या आत गळते आहे. बाहेर थेंबही दिसत नाही आणि तेलाची पातळीही कमी होत नाही, म्हणून हा दोष पुष्कळदा क्लच प्लेटच्या माथी मारला जातो. ज्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बाहेर आहे, तिच्या स्लेव्हचे रबरी टोपण मागे सारून पाहावे. आत कोरडे असेल तर ठीक. काळपट, ओले, बोटाला चिकटणारे काही लागले तर सील गेले. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि त्याने पूर्ण क्लचचा खर्च वाचू शकतो.

प्लेटच घसरत असेल तर मग ताकदीचा प्रश्न येतो. क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, लायनिंगचा घर्षणगुणांक किती, लायनिंगची सरासरी त्रिज्या किती आणि घासणारे पृष्ठभाग किती. एका प्लेटला दोन पृष्ठभाग असतात. समजा प्लेट बाहेरून २१५ आणि आतून १४५ मिलिमीटर व्यासाची आहे, म्हणजे सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर. दाब ५००० न्यूटन आणि घर्षणगुणांक ०.३ धरला तर २ × ०.३ × ५००० × ०.०९ म्हणजे २७० न्यूटन-मीटर. २१२ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ही सव्वापटीहून थोडी जास्त क्षमता झाली, पुरेशी. आता गर्दीत तापून तोच घर्षणगुणांक ०.२५ वर आला तर क्षमता २२५ उरते. ०.२० वर आला तर १८०, आणि प्लेट घसरायला लागते. घसरल्याने ती आणखी तापते, तापल्याने आणखी घसरते. क्लच हळूहळू झिजत जातो आणि एके दिवशी तासाभरात संपतो, त्याचे कारण हे आहे. इंजिनचे रीमॅपिंग करून टॉर्क २६० वर नेला असेल तर त्या गाडीत सुरुवातीपासूनच काही राखीव उरत नाही.

बाजारात यावर उपाय म्हणून ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’, ‘स्टेज थ्री’ अशा नावांची किट मिळतात. या पायऱ्यांना कुठलेही सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीची स्टेज टू दुसरीच्या स्टेज वनएवढी असू शकते. विचारायच्या गोष्टी दोनच: दाब किती टक्के वाढवला आणि लायनिंग कशाचे आहे. दाब २५ टक्के वाढवला तर वरच्या उदाहरणातली क्षमता ३३७ वर जाते, पण पेडलही जवळजवळ त्याच प्रमाणात जड होते आणि रिलीज बेअरिंग, फोर्क, मास्टर-स्लेव्ह यांवरचा भार वाढतो. ऑरगॅनिक लायनिंग गुळगुळीत पकड घेते आणि रोजच्या वापराला तेच योग्य. अरामिड तंतूंचे, ज्याला केव्हलार म्हणतात ते, जास्त टिकते, पण बसायला वेळ घेते आणि एकदा तेल लागले किंवा चकाकी आली की सावरत नाही. सिरॅमिक-धातूच्या तुकड्यांची प्लेट उष्णता छान सोसते, मात्र तिची पकड ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच असते. उज्जैनच्या फ्रीगंज पुलाच्या चढावर गाडी थांबली आणि मागे मोटरसायकल अगदी चिकटून उभी असली की त्या प्लेटचा खरा त्रास कळतो. ती गाडीला हिसका देते, हिसका टाळायला चालक रेस वाढवतो, आणि टिकाऊ म्हणून घेतलेली प्लेट फ्लायव्हील खात सुटते.

म्हणून रीमॅप न केलेल्या गाडीला मूळ मापाचा, मूळ दाबाचा, ऑरगॅनिक लायनिंगचा क्लचच घालावा. रीमॅप केलेल्या गाडीला, वाढ पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत असेल तर, ऑरगॅनिकच लायनिंग आणि वाढीव दाबाची प्रेशर प्लेट. सिरॅमिक फक्त ट्रॅकसाठी. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग उज्जैनपासून फार दूर नाही, म्हणून रोजच्या गाडीला ट्रॅकचा क्लच बसवायचे कारण नाही. तो मार्ग मुळात वाहनांच्या चाचणीसाठी आहे आणि एकसारख्या वेगाने पळताना क्लचला कामच नसते.

फ्लायव्हीलकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. प्रेशर प्लेट काढल्यावर त्याच्या पृष्ठभागाकडे उजेडात पाहावे. निळसर-जांभळे डाग म्हणजे तिथे धातू तापून कडक झाला आहे. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर प्रकरण पुढे गेले आहे. साधे, एकसंध फ्लायव्हील असेल तर ते पृष्ठभाग घासून सरळ करता येते, पण कंपनीने दिलेल्या किमान जाडीच्या खाली नाही. काही फ्लायव्हीलना प्रेशर प्लेट बसते तिथे पायरी असते. ती पायरी त्याच मापाने उतरवली नाही तर दाब बदलतो, आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो किंवा सुटत नाही. लेथवाल्याला हे माप लिहून द्यावे लागते, तोंडी सांगून चालत नाही.

ड्युअल-मास फ्लायव्हीलचे प्रकरण वेगळे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतल्या लूक कंपनीने ते प्रवासी गाड्यांत आणले. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये वर्तुळाकार स्प्रिंगा. इंजिनचे झटके या स्प्रिंगा गिळतात आणि गिअरबॉक्सला शांत फिरणे मिळते. ते घासून दुरुस्त होत नाही, झिजले की बदलावेच लागते, आणि ते महाग असते. म्हणून ऑक्टाव्हियाच्या मालकांमध्ये जगभर एक पर्याय रुळला आहे: फोक्सवॅगनच्या कोराडो जी-६० चे एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ इंजिनाचा २२८ मिलिमीटरचा क्लच. हे भाग त्या समूहाच्या ०२जे गिअरबॉक्सशी जुळतात, टॉर्क जास्त पेलतात आणि पुढच्या वेळी फक्त प्लेट बदलून भागते. उणे बाजू अशी की उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते. काहींना ती चालते. घरच्यांना रोज त्याच गाडीतून नेणाऱ्याला मी ड्युअल-मासच पुन्हा घालायला सांगेन. गिअरबॉक्सच्या दातांवरचा भार कमी राहतो आणि गाडी बनवणाऱ्यांनी ते महागडे फ्लायव्हील हौसेने घातलेले नसते.

आता हायड्रॉलिक्स. माझ्या मते पैसे खर्च करायची खरी जागा ही, आणि काटकसर होते तीही नेमकी इथेच.

मास्टर सिलिंडरचा व्यास बदलला की काय होते ते आकड्यांनी पाहू. काही जण पेडल हलके करायला लहान मास्टर घालतात, काही क्लच लवकर सुटावा म्हणून मोठा. पाच-अष्टमांश इंचाच्या मास्टरचे क्षेत्रफळ सुमारे १९८ चौरस मिलिमीटर, पाऊण इंचाच्या मास्टरचे २८५. म्हणजे मोठ्याने ४४ टक्के जास्त तेल ढकलले जाते आणि पेडल ४४ टक्के जड होते. समोर सात-अष्टमांश इंचाचा स्लेव्ह आहे आणि मास्टरचा पिस्टन ३० मिलिमीटर सरकतो असे धरा. लहान मास्टरने स्लेव्ह १५.३ मिलिमीटर सरकेल, मोठ्याने २२. फोर्कचे गुणोत्तर दोनास एक असेल तर बेअरिंग पहिल्या बाबतीत साडेसात-पावणेआठ मिलिमीटर पुढे जाईल, दुसऱ्या बाबतीत ११. डायाफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांना लागते त्याहून जास्त सरकवले तर बोटे वाकतात, कधी मोडतात, आणि बेअरिंग प्लेटच्या हबला घासते. कमी सरकवले तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअरचे सिंक्रोनायझर झिजतात. मूळ गाडीत अभियंत्यांनी ही जुळणी काही मिलिमीटरांच्या हिशोबात बसवलेली असते. म्हणून मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही मूळ व्यासाचेच घ्यावेत, आणि घ्यायचे तर जोडीने घ्यावेत. दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे असतात. नव्या मास्टरच्या पूर्ण दाबाने जुन्या स्लेव्हचे सील काही महिन्यांत हार खाते.

हवेचा हिशोबही याच आकड्यांत बसतो. वरच्या लहान मास्टरने एका दाबात जेमतेम सहा घनसेंटिमीटर तेल पुढे जाते. त्यात एक घनसेंटिमीटर हवेचा बुडबुडा राहिला तर सहावा हिस्सा तो दबण्यातच जातो. बेअरिंगपाशी सव्वा मिलिमीटर कमी सरकणे, एवढे गिअर अडायला पुरते. इंजिन मागे असलेल्या गाडीत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंतचा पाइप लांब, वळणावळणाचा असतो आणि वरच्या वळणात हवा अडकून बसते. अशा वेळी पेडल मारत बसण्यापेक्षा खालून, स्लेव्हच्या बाजूने, तेल वर चढवणे सोपे जाते. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचला तेलाची टाकी एकच असते आणि क्लचची नळी टाकीच्या बाजूला थोडी वर लागलेली असते. ब्रेकचे तेल जरा कमी झाले की क्लचकडे हवा जाते. क्लचची एअर काढण्याआधी टाकी काठोकाठ हवी, ती याचसाठी.

स्लेव्ह बाहेर आहे की आत, यावर निवड बदलते. ०२जे गिअरबॉक्सचा स्लेव्ह बाहेर असतो, दोन बोल्ट सोडले की हातात येतो. त्याच समूहाच्या ०२एम या सहा गिअरच्या पेटीत मात्र स्लेव्ह आणि रिलीज बेअरिंग एकच असते, शाफ्टभोवती बसवलेले आणि घंटेच्या आकाराच्या आवरणात बंद. ते गळले तर तेल थेट प्लेटवर उडते, आणि बदलायचे तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवा. आतला स्लेव्ह असलेल्या गाडीत क्लचबरोबर तो नवाच घालावा, जुना कितीही चांगला दिसत असला तरी. बाहेरचा स्लेव्ह असेल तर आज थांबता येते.

पाइपाबद्दल दोन शब्द. रबरी होज दहा-बारा वर्षांनी आतून फुगतो आणि पेडल स्पंजासारखे लागते. तिथे पोलादी जाळीचा होज घातल्याने फरक जाणवतो आणि खर्च फार नाही. काही गाड्यांत, बीएमडब्ल्यूमध्ये विशेषतः, पाइपात तेलाचा वेग रोखणारी बारीक छिद्राची झडप असते. नवशिक्याने पेडल झटकन सोडले तरी गाडीला धक्का बसू नये म्हणून ती ठेवलेली असते. ती काढली की क्लच पायाला लगेच उत्तर देतो. सरावलेल्या चालकाने काढायला हरकत नाही, पण घरात दोघे-तिघे तीच गाडी चालवत असतील तर राहू द्यावी.

तेल डॉट-४, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर किमान १५५. ते हवेतली आर्द्रता ओढतेच, म्हणून दोन वर्षांनी बदलायचे, आणि माळव्यात पावसाळा संपल्यावर बदललेले बरे. डॉट-५.१ चालते, तेही त्याच जातीचे. डॉट-५ मात्र सिलिकॉनचे, त्याची यात भेसळ होता कामा नये. सर्वांत मोठा धोका खनिज तेलाचा. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचे तेल चुकून टाकीत गेले, किंवा त्या तेलाची बाटली धुऊन तिच्यात ब्रेक ऑइल भरले, तर ईपीडीएम रबराची सगळी सील फुगतात आणि मास्टर, स्लेव्ह, होज सगळेच टाकून द्यावे लागते. सीलबंद, लहान बाटली घ्यावी आणि उरलेले तेल पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नये.

भाग कुणाचे घ्यायचे? गाडी बनवणारी कंपनी क्लच स्वतः बनवत नाही. लूक, सॅक्स, व्हॅलिओ, एक्सेडी यांच्यासारखे मोजके कारखाने तो बनवतात आणि गाडीच्या कंपनीच्या खोक्यात तोच माल जातो. यातले काही आपल्या अगदी जवळचे आहेत. औरंगाबादला सीके डायकिन नावाने चाललेला क्लचचा कारखाना आज एक्सेडी इंडिया आहे. लूकचा होसूरचा व्यवसाय २०१८ मध्ये पुण्याच्या शेफलर इंडियात विलीन झाला. त्यामुळे जुन्या क्लचवर कोरलेला मूळ कारखान्याचा शिक्का आणि नंबर वाचून त्याच कारखान्याचा क्लच त्याच्या स्वतःच्या खोक्यात घेणे हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणा व्यवहार ठरतो. दर्जा तोच, किंमत कमी. उत्पादन थांबलेल्या गाडीसाठी तर हाच रस्ता उरतो. परदेशात त्याच इंजिनाच्या इतर गाड्या अजून धावत असल्याने तिथून भाग येतात. त्यावर सीमाशुल्क आणि कर लागतो, तो आधीच धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. २८ टक्क्यांच्या काळातल्या जुन्या कोटेशनवर विसंबू नये.

नकली मालाचे भय खरे आहे. दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे चांगला माल मिळतो आणि शेजारच्याच फळीवर नकलीही. खोक्याची छपाई आता हुबेहूब असते, म्हणून आतला भाग पाहावा. खऱ्या प्रेशर प्लेटवर नंबर कोरलेला किंवा ठोकलेला असतो, नुसता स्टिकर नसतो. डायाफ्रॅमची बोटे एका पातळीत असतात. एक सपाट पट्टी वर ठेवून पाहिले तर उंच-सखल बोट लगेच दिसते. क्लच प्लेटचे रिव्हेट लायनिंगच्या आत खोलवर आणि सगळे सारख्या खोलीवर बसलेले असतात. हबमधल्या स्प्रिंगा हाताने खडखडत नाहीत. पुण्याहून कुणी उज्जैनला येणार असेल तर भाग त्याच्या डिकीतून आणवणे सोयीचे, पण खोके तिथेच उघडून, फोटो मागवून मगच पैसे द्यावेत. बिल जीएसटीचे घ्यावे. परत करायची वेळ आली तर तेवढाच आधार असतो.

किरकोळ भागांची यादी कुणीच करत नाही आणि काम नेमके तिथे अडते. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील, ही दोन्ही गिअरबॉक्स खाली असतानाच बदलता येतात. यातले एक जरी नंतर गळले तरी नवी प्लेट तेलात भिजते. बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी, फोर्कचा पिव्होट, मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत क्रँकमधले छोटे पायलट बेअरिंग. फ्लायव्हीलचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. आवळताना ते ताणले जातात, पुन्हा वापरले तर तुटू शकतात. प्लेट मधोमध बसवायची सळी. शाफ्टच्या खाचांना लावायचे ग्रीस, तेही अगदी नावापुरते, कारण जास्तीचे उडून लायनिंगवर जाते. आणि प्रेशर प्लेट सेल्फ-ॲडजस्टिंग प्रकारची असेल तर ती बसवायचे खास हत्यार. ते नसताना बोल्ट आवळून बसवली तर आतली समायोजनाची कडी फिरून जाते आणि नवा क्लच झिजलेल्यासारखा वागतो. उज्जैनमध्ये हे हत्यार ज्या गॅरेजमध्ये नसेल तिथे कारागीर कितीही चांगला असला तरी ते काम पंचावन्न किलोमीटरवर इंदूरला न्यावे. बाकी साध्या क्लचचे काम उज्जैनचे चांगले मिस्त्री उत्तम करतात. त्यांना भाग आणि मापे पूर्ण हातात दिली की झाले. अर्धवट सामानावर गाडी उघडली जाते, मग ‘जे मिळेल ते’ बसते, आणि नाव खराब होते ते मिस्त्रीचे.

काम झाल्यावर पहिले पाचशे ते आठशे किलोमीटर सौम्य वापर हवा. गाडी शहरात चालवावी, क्लच पुष्कळदा लागू द्यावा, पण पूर्ण ॲक्सिलरेटर आणि झटक्याची सुरुवात टाळावी. नव्या लायनिंगला फ्लायव्हीलच्या पृष्ठभागाशी जुळायला एवढा वेळ लागतोच. पाय क्लचच्या पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती याच काळात सोडावी. बेअरिंगला तेवढाही भार नको असतो.

पैसा मर्यादित असेल तर माझा क्रम असा राहील. आधी मूळ कारखान्याचा मूळ मापाचा क्लच संच, त्याबरोबर आतला स्लेव्ह किंवा मास्टर-स्लेव्हची जोडी, मग दोन्ही सील आणि बोल्ट, मग फ्लायव्हील घासून किंवा नवे, आणि जाळीचा होज सर्वांत शेवटी. वाढीव ताकदीचा क्लच या यादीत मी घेत नाही. ज्यांच्या इंजिनाला तो खरोखर लागतो त्यांना टॉर्कचा आकडा माहीत असतो. हे सगळे सामान पार्ट नंबर पडताळून घरात आले नसेल तोवर गाडी लिफ्टवर चढवू नका, आणि मिस्त्रीने कितीही घाई केली तरी गिअरबॉक्सच्या पहिल्या बोल्टला हात लावू देऊ नका.